वेशीवरची जकात : 'पायथन सोडा' म्हणणारा लेख आणि त्याला आलेलं उत्तर

२०२० साली 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'मध्ये लायडनच्या सायमन पोर्तेगिस झ्वार्ट यांचा चार पानांचा लेख आला. विषय होता खगोलशास्त्रातल्या संगणनाचा पर्यावरणावर होणारा परिणाम. लेखात बरंच काही आहे: महासंगणक, घड्याळगती वाढवून पळवलेले प्रोसेसर, एकाच कोअरवर प्रोग्रॅम चालवत राहण्याची सवय. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एक आकृती. तीच समस्या वेगवेगळ्या भाषांत लिहून चालवली आणि वेळ व कार्बन यांचा आलेख काढला. त्यात पायथन शेवटच्या बाकावर. निष्कर्ष असा की पायथन सोडून कंपाइल होणारी एखादी भाषा घ्या.

पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात पिएर ओजिए आणि तीन सहलेखकांचं दोन पानी उत्तर आलं. त्यांचं म्हणणं, पायथन सोडायची गरज नाही, पायथनसाठीचे कंपायलर वापरा आणि माणसांना शिकवा. त्यांनी त्याच समस्येवर पायथनचे आकडे सी प्लस प्लस आणि फोर्ट्रानच्या पंगतीला आणून बसवले.

दोन्ही मिळून सहा पानं होतात. पीएचडीला बसण्याआधी ती वाचून टाकाच. इतक्या कमी जागेत 'तुलना कशी करावी' आणि 'कशी करू नये' हे दोन्ही शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही. पण माझं मत सांगतो, वाद रंगला असला तरी नवख्या संशोधकाला पडणारा खरा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. "कुठली भाषा?" हा तो प्रश्न नव्हे. "एका भाषेतून दुसरीत कुठे जायचं, आणि किती वेळा?" हा आहे.

आधी समस्या समजून घेऊ. एन तारे आहेत, प्रत्येक तारा बाकी सगळ्यांना ओढतो. प्रत्येक जोडीचं अंतर काढायचं, त्यावरून बल, बलावरून त्वरण, मग वेळ थोडा पुढे सरकवायचा. १०२४ तारे असतील तर एका पावलाला ५,२३,७७६ जोड्या होतात. एका जोडीला जेमतेम वीसेक बेरजा-गुणाकार आणि एक वर्गमूळ. गणित शाळेतलं, पण प्रमाण अफाट.

हाच दुहेरी लूप साध्या पायथनमध्ये लिहिला की काय होतं बघा. सी मध्ये एक दशांश संख्या ८ बाइट घेते आणि बेरीज म्हणजे प्रोसेसरची एक सूचना. नेहमीच्या पायथनमध्ये तीच संख्या २४ बाइटची वस्तू असते. बेरीज करायची म्हणजे इंटरप्रीटर आधी विचारणार, डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, यांची बेरीज कोण करतं. मग उत्तरासाठी नवी वस्तू तयार करणार, जुनी टाकून देणार. दर बेरजेला हा सगळा सोपस्कार. सरकारी कचेरीत एका सहीसाठी चार टेबलं फिरावी लागतात ना, तसं. ढोबळमानाने एका जोडीला पायथनमध्ये एक मायक्रोसेकंद धरा, कंपाइल केलेल्या भाषेत दहा नॅनोसेकंद. वेळेची १०,००० पावलं चालायची तर पहिलीकडे जवळपास दीड तास लागतो, दुसरीकडे मिनिटभरसुद्धा नाही. शंभरपट. म्हणजे पोर्तेगिस झ्वार्ट यांची तक्रार खोटी नाही. इंटरप्रीटरकडून आकडेमोड करून घेणं ही खरोखरच वीज जाळणं आहे, आणि हे स्पष्ट शब्दांत कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

अडचण पुढे आहे. त्या आकृतीत 'पायथन' नावाचा जो ठिपका आहे तो नेमका कशाचा? एका विशिष्ट माणसाने, एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेल्या, एका विशिष्ट इंटरप्रीटरवर चाललेल्या एका प्रोग्रॅमचा. पण आकृतीवर नाव लागलं भाषेचं. ठिपक्याला भाषेचं नाव दिलं की वाचणारा तो आकडा भाषेचा गुणधर्म समजतो, जणू पाण्याचा उत्कलनबिंदू.

हा रोग जुना आहे. भाषा आणि ऊर्जा हा विषय निघाला की २०१७ चा परेरा आणि सहकाऱ्यांचा तक्ता हमखास पुढे येतो. सी ला १ धरलं तर पायथनला ७५.८८ पट ऊर्जा लागते, हा आकडा तुम्ही कुठल्या तरी स्लाइडवर नक्की पाहिला असेल. त्याच तक्त्यात जरा वर नजर टाका. जावास्क्रिप्ट ४.४५, टाइपस्क्रिप्ट २१.५०. आता टाइपस्क्रिप्ट चालवताना होतं काय, तर त्यातली प्रकारांची माहिती काढून टाकून जावास्क्रिप्टच तयार होते आणि तीच चालते. मग जवळपास पाचपट फरक आला कुठून? भाषेतून येणं शक्यच नाही. तो आला दोन्हीकडच्या प्रोग्रॅमांत फरक होता म्हणून. एवढी एक जोडी तक्त्यातच बसलेली असताना बाकीच्या जोड्यांवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा? शोधनिबंध वाचताना अशी जोडी शोधायची सवय लावून घ्या. जिथे फरक असूच नये तिथे तो दिसला, तर मोजपट्टीत गडबड आहे.

आता उत्तराकडे. ओजिए आणि मंडळींनी पायथन कोड पायथ्रान, नम्बा, पायपाय अशा साधनांतून चालवला. आकडे झकास आले. सी प्लस प्लस आणि फोर्ट्रानचे मूळ नमुने फारसे कसून लिहिलेले नव्हते हेही त्यातून आपोआप कळलं. वाचून बरं वाटतं. पण समीक्षकाची टोपी घालून बघा. पायथ्रान करतो काय? तुमचं पायथन फंक्शन घेतो, त्याचं सी प्लस प्लस करतो आणि ते कंपाइल करतो. नम्बा तेच काम एलएलव्हीएममार्फत करतो. मग शर्यत जिंकली कोणी, पायथनने की सी प्लस प्लसने? पहिल्या लेखात पायथन म्हणजे इंटरप्रीटर, उत्तरात पायथन म्हणजे लिहिण्याची पद्धत. दोघे एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि एकमेकांना खोडून काढल्यासारखं वाटतं. खरं तर दोघांचं मूळ निरीक्षण एकच आहे: आतला लूप इंटरप्रीटरमध्ये राहता कामा नये.

आणखी एक. उत्तराच्या चार लेखकांपैकी एक पायथ्रानचा कर्ता, एक पायपायच्या मूळ गटातला, एक ट्रान्सॉनिकचा. यात लपवाछपवी काही नाही, उलट जाणकारांनीच उत्तर द्यावं हे योग्य. पण कंपायलर बनवणाऱ्याने लिहिलेला पन्नास ओळींचा कोड कंपायलरला आवडेल असाच असतो. तुमच्या माझ्या कोडमध्ये डिक्शनरी असतात, अर्धवट क्लास असतात, मधेच पांडाज असतं. पायथ्रानला भाषेचा एक तुकडाच चालतो, नम्बालाही सगळं चालत नाही. 'शिकवा' हा शब्द त्यांनी शीर्षकात घेतला आहे, आणि माझ्या मते उत्तराचा तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. पण काय शिकवायचं हे दोन पानांत मावलेलं नाही. ते इथे लिहून बघतो.

दोन भाषा जोडल्या की त्यांच्यामध्ये एक वेस तयार होते. अलीकडे पायथन, पलीकडे सी, फोर्ट्रान किंवा कंपाइल झालेलं काहीही. वेस ओलांडताना दर खेपेला जकात द्यावी लागते: प्रकार तपासणं, वस्तू उघडून आतला आकडा काढणं, पत्ता पुढे देणं, परत येताना पुन्हा वेष्टणात बांधणं. ही जकात गाडीवर लागते, मालावर नाही. एका खेपेला साधारण मायक्रोसेकंदाच्या घरात. गाडीत एक आकडा असो की एक कोटी, जकात तीच. त्यामुळे भरून न्या आणि कमी फेऱ्या मारा.

नमपायचं सगळं रहस्य एवढंच आहे. आणि नमपाय वापरूनही कोड रखडतो त्याचं कारणही हेच. मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक म्हणजे दुहेरी लूपच्या आत तीन घटकांच्या सदिशाची लांबी नमपायच्या फंक्शनने काढणं. तीन आकड्यांसाठी पूर्ण जकात, पाच लाख वेळा. हा कोड साध्या पायथनपेक्षाही हळू चालतो, आणि लिहिणारा म्हणतो, "नमपाय वापरलंय तरी स्लो आहे, आता सी प्लस प्लसच शिकावं लागणार."

दुसरं टोक म्हणजे लूप पूर्ण काढून टाकणं. सगळ्या ताऱ्यांची सगळ्यांशी अंतरं एकदम, मोठ्या चौकोनी ॲरेत. वेशीवरच्या फेऱ्या पाच-दहावर येतात. १०२४ ताऱ्यांना असा एक ॲरे ८ एमबीचा होतो, तो चालून जातो. पण १६,३८४ तारे घ्या. एका ॲरेत २६,८४,३५,४५६ आकडे, म्हणजे २ जीबी. एक्स, वाय, झेड मिळून ६ जीबी, अंतराच्या घनासाठी आणखी. शिवाय प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते ते वेगळंच. प्रोसेसर आता आकडेमोड करत नाही, मेमरीतून माल उतरवून घेण्यात त्याचा जीव जातो. जकात वाचली, पण गोदामाचं भाडं अंगावर आलं.

मधला रस्ता असा: पूर्ण दुहेरी लूप, जसाच्या तसा, वेशीच्या पलीकडे नेऊन ठेवायचा. नम्बाने, सायथनने, किंवा फोर्ट्रानमध्ये लिहून एफटूपायने. एका पावलाला एकच फेरी. तात्पुरते ॲरे नाहीत, प्रत्येक जोडी एकदाच. उत्तरातले झकास आकडे आले ते इथून. त्याचं श्रेय भाषेइतकंच, किंबहुना जास्तच, वेस बरोबर जागी घातल्याला आहे.

इथेही चोरवाटा आहेत आणि त्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाहीत. फोर्ट्रान दोन मितींचा ॲरे स्तंभामागून स्तंभ मांडतो, नमपाय सहसा ओळीमागून ओळ. एफटूपायला वाचण्यापुरता ॲरे चुकीच्या मांडणीत दिला तर तो कुरकुर करत नाही, गुपचूप अख्ख्या ॲरेची प्रत काढतो आणि ती पलीकडे देतो. दर फेरीला. संख्येचा प्रकार जुळला नाही, म्हणजे ३२ बिटचा ॲरे आणि पलीकडे ६४ बिटची अपेक्षा, तरी तेच. उत्तर बरोबर येतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. म्हणून प्रोफायलर लावताना फक्त 'फोर्ट्रानचं फंक्शन किती वेळ' असं बघू नका, वेशीवर किती वेळ जातो ते वेगळं काढा.

गंमत म्हणजे वेस कुठे असावी याचा उत्तम नमुना पोर्तेगिस झ्वार्ट यांच्याच घरात आहे. 'अम्यूज' हे खगोलभौतिकीचं सॉफ्टवेअर त्यांच्या गटाने उभं केलं, त्यावर २०१८ मध्ये स्टीव्ह मॅकमिलन यांच्यासोबत पुस्तकही लिहिलं. अम्यूजची बाहेरची बाजू पूर्ण पायथन आहे. आत गुरुत्वाकर्षणासाठी एक प्रोग्रॅम, ताऱ्यांच्या उत्क्रांतीसाठी दुसरा, वायूसाठी तिसरा; कोणी सी मध्ये, कोणी सी प्लस प्लसमध्ये, कोणी फोर्ट्रानमध्ये लिहिलेला. प्रत्येक जण स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालतो आणि पायथन त्यांच्याशी एमपीआयवरून बोलतो. म्हणजे ही वेस साध्या फंक्शन-कॉलपेक्षाही महाग. तरी चालतं, कारण फेऱ्या कमी आहेत. गुरुत्वाच्या प्रोग्रॅमला सांगायचं, 'अमुक वर्षांपर्यंत पुढे जा'. तो आपल्या भाषेत लाखो पावलं चालतो. मग सगळ्या ताऱ्यांची वस्तुमानं एका खेपेत इकडून तिकडे. खोडदच्या जीएमआरटीचा डेटा कासामध्ये साफ करणारे तुमच्यापैकी काही असतील, त्यांना हे ओळखीचं वाटेल. हुकूम पायथनमध्ये, राबणारं इंजिन सी प्लस प्लसमध्ये.

म्हणून 'पायथन सोडा' हा निष्कर्ष मला लेखकाच्या स्वतःच्या कामाशीच विसंगत वाटतो. अम्यूजमधून पायथन काढलं तर वीज किती वाचेल? जवळजवळ नाहीच. आणि वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले ते प्रोग्रॅम एकत्र बांधायचं काम मग कोण करणार? 'आतल्या लूपमधून पायथन काढा' असं म्हटलं असतं तर वाद झाला नसता. लेखही गाजला नसता, हेही खरं.

अशा मथळ्यांची किंमत विद्यार्थी मोजतात. ओळखीतल्या एका प्रयोगशाळेत एका ज्युनियरला सांगण्यात आलं, "सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहून काढ, पायथनमध्ये रिसर्च होत नसतो." एक अख्खं सेमिस्टर गेलं. प्रोग्रॅम चालायला लागला तेव्हा दहा मिनिटांचं काम साडेसात मिनिटांवर आलं होतं. का? कारण मूळ दहातली सात मिनिटं टेक्स्ट फाइल वाचण्यात जात होती. उरलेली तीन शून्यावर आणली असती तरी सातच्या खाली जाणं शक्य नव्हतं. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा हिशोब पाटीवर करता येतो. फाइलचा प्रकार बदलून बायनरी केली असती तर दुपारभरात काम झालं असतं. दीड-दोन तास प्रोफायलर चालवायला कोणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना माहीतच होतं की पायथन स्लो असतं.

पद्धतीबद्दलही दोन शब्द. शंभरपट हा आकडा डोळे दिपवतो, पण तो स्थिर आहे. सगळ्या जोड्या मोजण्याचा खर्च मात्र ताऱ्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो: तारे दसपट केले की काम शंभरपट, सी प्लस प्लसची सगळी कमाई गेली. बार्न्स आणि हट यांनी १९८६ मध्ये दूरच्या ताऱ्यांचे गठ्ठे करून हा खर्च वर्गावरून जवळपास एन गुणिले लॉग एनवर आणला. अर्थात दाट तारकागुच्छात जवळच्या जोड्या अचूक लागतात, तिथे सरळ मोजणीला पर्याय नसतो. चाचणीसाठी ही समस्या निवडणं गैर नव्हतं. पण 'वीज वाचवा' हा मुद्दा असेल तर भाषेआधी पद्धतीचा विचार व्हायला हवा होता.

आणि वेगाचे आकडे छापणाऱ्या कोणालाही पहिला प्रश्न विचारा, उत्तरं जुळली का? कंपायलरला सूट दिली की तो बेरजांचा क्रम बदलतो, शेवटचे अंक हलतात. एन तारे ही समस्या अशी की शेवटच्या अंकातला फरक पुढे जाऊन कक्षाच बदलतो. त्यामुळे कक्षा ताडून उपयोग नाही, एकूण ऊर्जा किती टिकली ते बघायचं. वेगाच्या शेजारी ऊर्जेतली चूक छापलेली नसेल तर तो आकडा मी अर्धाच मानतो.

या वादाचा तिसरा भाग कोणी लिहिणार असेल तर मला पुढचा तक्ता वाचायला आवडेल. भाषा तीच, समस्या तीच, फक्त वेस तीन जागी: एका जोडीच्या हिशोबाला, एका पूर्ण पावलाला, आणि हजार पावलांच्या गठ्ठ्याला. तारे १६, १०२४ आणि १६,३८४. प्रत्येक खान्यात तीन आकडे: वेळ, मीटरवर मोजलेली वीज, ऊर्जेतली चूक. १६ ताऱ्यांच्या रांगेत पावलागणिक वेस ओलांडणारा प्रोग्रॅम मार खाईल असा माझा अंदाज आहे. १२० जोड्यांचं काम मायक्रोसेकंदभराचं, आणि जकातही साधारण तेवढीच. १६,३८४ च्या रांगेत मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या खान्यात फरक दिसायला सूक्ष्मदर्शक लागेल. नम्बा आणि एक लॅपटॉप असेल तर वेळ आणि चूक हे दोन आकडे शनिवार-रविवारात काढता येतात. विजेचा आकडा तेवढा मीटर मिळेपर्यंत थांबेल.